चवथीची तारीख

"तारीख चवथीची घाल," आई म्हणाली.

मी पेन हातात धरून तसाच थांबलो. पितरांचा पंधरवडा लागून तीन दिवस झाले होते. कागलच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मामा पाटावर बसून बशीतून चहा पीत होते आणि माझ्या मांडीवर त्यांची जीप माझ्या नावावर करायचे फॉर्म होते. सगळं भरून झालं होतं. ताबा दिल्याची तारीख तेवढी राहिली होती.

"चवथ होऊन दोन आठवडे झाले की गं," मी म्हणालो.

"होऊ देत. पितरपाटात घेतलेली वस्तू लाभत न्हाई. माझ्या दारात पहिल्यांदा गाडी येणार, आणि कागदावर पितरांची तारीख? असली गाडी मी दारात उभी करून घेणार न्हाई."

मामा हसले. "ऐक बाबा आईचं. चवथीला तू गणपतीला आलावतास, तवाच म्हटलो हुतो न्हवं, जीप तू घे म्हणून? बोलणं तवाच झालंय. कागद आता करालोय, एवढंच."

तसं ते म्हणाले होते हे खरं. पण ते दर वर्षीच म्हणायचे आणि दर वर्षी जीप त्यांच्याच खळ्यात उभी असायची.

"दंड बसेल थोडा," मी म्हणालो. "चौदा दिवसांच्या आत कळवावं लागतं."

"दंड मी भरतो. टॅक्स थकलाय तोबी मीच भरतो. भाच्याला गाडी द्यायची आन वर टॅक्स त्याच्या गळ्यात घालायचा? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

मी चवथीची तारीख घातली. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, तीन ठिकाणी. खाली सही केली. मामांनी त्यांची केली. आईनं देवापुढची साखर आणून दोघांच्या हातावर ठेवली.

ह्या गोष्टीला आता तीस वर्षं होतील. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात आरटीओ कचेरीबाहेर, चिंचेखाली, गुलाबभाई मुल्लांच्या टेबलावर फॉर्म भरायचं काम करत होतो. गुलाबभाई एजंट, मी त्यांचा लिहिणारा. चार वर्षांत माझं नाव झालं होतं. जुनी गाडी घेणारा माणूस आधी मिस्त्रीकडं जायचा आणि मग माझ्याकडं यायचा. "सर्जेराव मगदुमाला कागद दाखवल्याशिवाय इसार देऊ नका," असं लोक एकमेकांना सांगायचे आणि ते कानावर आलं की माझी छाती फुगायची.

फुगायला कारणही होतं. चासी नंबर घासून दुसरा ठोकलेला ट्रक मी एकदा नुसत्या पेन्सिलीच्या छापावरून ओळखला होता. एका डॉक्टरांनी हौसेनं घेतलेल्या मोटारीवर बँकेचा बोजा तसाच होता, तो मी आरसी बुकाच्या मागच्या पानावर दाखवला, तेव्हा डॉक्टर मटकन खालीच बसले. चार वर्षांचा थकलेला टॅक्स नव्या मालकाच्या बोडक्यावर कसा येतो, मेलेल्या माणसाच्या सहीनं गाडी कशी विकली जाते, हे सगळं मला पाठ होतं. कागद खोटं बोलला की मला कळतं, असं मी चारचौघांत बोलून दाखवायचो. त्या वयात माणूस बरंच काही बोलतो.

मामांची जीपही मी तशीच तपासली. आई म्हणाली, "सख्ख्या मामाचे कागद बघतोस, लाज न्हाई वाटत?" मामा म्हणाले, "बघू दे. त्याचा धंदा हाय." आरसी बुक बघितलं. बोजा नव्हता. चासीचा छाप घेतला, तो जुळला. विमा जुलैत संपला होता. मी ते दाखवल्यावर मामांनी कपाळाला हात लावला, "ध्यानातच न्हाई राहिलं बघ," म्हणाले, आणि नवा माझ्या नावानं काढून दिला. डाव्या बाजूच्या दिव्याची काच नवी होती आणि तिथला पत्राही नुकता रंगवलेला दिसत होता. "दगड उडला," मामा म्हणाले. मी कागद बघणारा माणूस. पत्रा बघणं मिस्त्रीचं काम, म्हणून मी तिकडं दुसऱ्यांदा बघितलं नाही.

मामांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर आईला तुम्ही भलतंच समजाल. तसं समजायला माझी हरकत नाही, पण सगळं कळून समजा.

वडील गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. चुलत्यांनी आईला महिनाभरात घराबाहेर काढलं. बळवंतमामा मुरगुडहून बैलगाडी घेऊन आले, आईला आणि मला गाडीत बसवलं आणि चुलत्यांच्या दारात थुंकून परत फिरले. आठ वर्षं आम्ही मामांच्या खळ्यातल्या खोलीत राहिलो. मामी टोचून बोलायची, पण मामा कधी नाही. माझी फी, माझी चड्डी, माझ्या पायातली चप्पल, सगळं त्यांचं. आई त्यांना दादा म्हणायची आणि ते म्हणताना तिचा आवाज देवाचं नाव घेतल्यासारखा व्हायचा. पुढं तिला कागलच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम लागलं आणि आम्ही तिथं आलो, तरी ती दर रविवारी मुरगूडला जायची.

त्या उन्हाळ्यात तिच्याबरोबर मीही जात होतो. मामांच्याच जीपवर, त्यांच्याच शेताकडच्या रस्त्यावर, गाडी शिकत होतो. कागल ते मुरगूड वडाप करायचं, वाटेत सीटा भरत जीप चालवायची, असं माझ्या मनात होतं. दुसऱ्यांचे फॉर्म भरून भरून बोटं निळी झाली होती. स्वतःची जीप, बारा सीट, दिवसाला चार खेपा. आरशात बघून भांग पाडताना मी ते वडाप शंभर वेळा चालवलं असेल.

नावावर करायचे कागद घेऊन मामा स्वतः कोल्हापूरला आले. एरवी सहीसाठी माणसं महिना महिना फिरवतात. मामांनी दोन दिवसांत सगळं उरकायला लावलं. टॅक्स भरला, दंड भरला, साहेबांसमोर उभे राहिले. टॅक्सची पावतीही माझ्या नावानं घेतली, सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपासूनची.

मामा गेल्यावर गुलाबभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"सर्जा, ताबा चवथीचा लिहिलाईस. चवथीला खरंच गाडी घेतलीस?"

"आईचं म्हणणं, भाई. पितर लागलेत."

"हं." त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. "एक सांगू? जुन्या गाडीच्या कागदात काहीतरी राहिलेलं असतंयच. सही, शिक्का, कायतरी. ह्यात कायच राहिलेलं न्हाई."

"भाच्याला देतायत, म्हणून."

"असंल बाबा," भाई म्हणाले आणि त्यांनी फॉर्म गठ्ठ्यात ठेवला.

जीप घटस्थापनेच्या दिवशी दारात आली. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मला पक्कं लायसन्स मिळालं. टेबलाचं काम सोडलं नव्हतं. सकाळी दोन खेपा मारायचो, मग कोल्हापूर गाठायचो आणि संध्याकाळी परत दोन खेपा. असे सहा आठवडे गेले. माझ्या आयुष्यातले तेवढे सहा आठवडे मला अजून दिवसवार आठवतात.

मग एका मंगळवारी हवालदार चिंचेखाली आला. मला वाटलं, फॉर्म भरायचा असेल. मी खुर्ची पुढं केली.

"सर्जेराव मगदूम कोण?" त्यानं विचारलं. "चला. फौजदारसाहेबांनी बोलावलंय. जीपची चावी घ्या बरोबर."

ठाण्यात फौजदारांनी मला बसायला सांगितलं. वयस्कर माणूस होते. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्यांचा राग करता आला असता.

"चवथीनंतरच्या रविवारी," ते म्हणाले, "मुरगूड रस्त्यावर, दिवस मावळताना, केरबा सुतार म्हणून एक माणूस सायकलवरून घरी निघालेला. त्याला जीपनं उडवलं. गवत कापणाऱ्या एका बाईनं लांबून बघितलं. जीप थांबली. एक माणूस खाली उतरला, पडलेल्या माणसापाशी जाऊन उभा राहिला, मग परत गाडीत बसून निघून गेला. तोंड दिसलं नाही तिला. नंबरातले शेवटचे आकडे सांगितलेत. भ्यालेली होती, महिनाभरानं बोलली. ते आकडे तुमच्या जीपचे आहेत."

मला आधी काहीच समजलं नाही. मग डाव्या दिव्याची नवी काच आठवली.

"साहेब, तेव्हा ती माझी नव्हती."

त्यांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला. ताबा पावतीची नक्कल. माझंच अक्षर, माझ्याच सहीखाली.

"ही तारीख खोटी आहे," मी म्हणालो.

"कुणी घातली?"

"मी."

"का?"

मी कारण सांगितलं. पितरपाट, आईचं म्हणणं, सगळं. बोलताना मलाच ते पोरकट वाटायला लागलं. फौजदारांनी टॅक्सची पावती काढली, आरसी बुकाची नक्कल काढली. सगळीकडं गाडी सप्टेंबरपासून माझी होती.

"मगदूम, तुम्ही आरटीओपाशी बसून लोकांचे कागद तपासता. बरोबर? आणि स्वतःच्या गाडीला खोटी तारीख घालता?" त्यांनी कागद एकावर एक ठेवले. "तुमच्या मामांचा जबाब झालाय. ते म्हणतात, भाच्यानं चवथीलाच गाडी घेतली. घरापाशी लावायला जागा नव्हती म्हणून माझ्याच खळ्यात ठेवायचा. शिकाऊ होता, रविवारी येऊन चालवायचा."

"खोटं बोलतायत ते."

"त्या रविवारी संध्याकाळी तुम्ही कुठं होता?"

"घरी. त्या रविवारी आम्ही मुरगूडला गेलोच नव्हतो. अंगणवाडीचे तक्ते रंगवत होतो, आईचे."

"घरी आणखी कोण होतं?"

"आई."

हे सांगताना माझा जीव भांड्यात पडला, हे मला स्वच्छ आठवतं. आई होती. आई सांगेल. गाडी घटाला आली, तारीख तिनं घालायला सांगितली, रविवारी मी तिच्यासमोर बसून तक्त्यावर बदकं रंगवत होतो, एवढं तिनं सांगितलं की मामांचं पितळ उघडं पडणार. मामांचा मला भयंकर राग आला होता. आठ वर्षं ज्यांचं अन्न खाल्लं, त्यांनीच असं करावं.

हवालदार आईला घेऊन आला. ती अंगणवाडीतूनच आली असावी, पदराला खडू लागला होता. फौजदारांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही, उभीच राहिली.

"बाई, घाबरू नका. खरं काय ते सांगा. जीप तुमच्या मुलानं कधी घेतली?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, सांग म्हणून.

"चवथीला," आई म्हणाली.

"नक्की?"

"व्हय. दादाकडं गणपतीला गेलतो आम्ही. तिथंच घेतली. मीच नारळ फोडला."

"आई!" मी उठलो. हवालदारानं मला खांद्याला धरून खाली बसवलं.

"आणि त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी हा कुठं होता?"

ह्या वेळी तिनं माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत म्हणाली, "गाडी शिकाय गेलता. मुरगूडला. दिवस मावळल्यावर आला. गप गप हुता. मी इचारलं न्हाई."

फौजदारांनी लिहून घेतलं. आईनं सही केली. तिला सही मी शिकवली होती, चौथीत असताना, मामांच्या खळ्यात पाटीवर. हौसा. ह, मग त्यावर औ कसा काढायचा, स कसा. ती सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून सही करते. तशीच केली आणि पदर सावरून निघून गेली.

जामीन गुलाबभाईंनी दिला. त्याच दिवशी, काही न विचारता. ठाण्याबाहेर आल्यावर मात्र ते म्हणाले, "आईला काय बोलू नकोस. आधी ऐकून घे." मी हो म्हणालो.

घरी आलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मी चुलीपाशी जाऊन बसलो.

"मामांनी तुला पढवलं?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"त्या रविवारनंतर सोमवारी दादा आलावता. तू कामाला गेलावतास. हितंच बसला आन लहान पोरागत रडला. म्हणाला, हौसा, माझ्या हातनं माणूस मेला. सूर्य डोळ्यावर आला, दिसलंच न्हाई. इमा संपलाय, शेती जाईल. तुरुंगात घालतील, आन तिथनं काय मी जिता येत न्हाई. साखरंनं पाय काळा पडलाय त्याचा, तुला म्हाईत हाय."

"म्हणजे पितर लागायच्या आधीपासून तुला माहीत होतं."

"व्हय."

"आणि तारीख? ती कुणी शोधून काढली?"

"मी." भाकरी तिनं उलटली. "दादा म्हणत हुता, सर्जा कागदातलं समदं बघतो, त्याच्या ध्यानात आल्याशिवाय ऱ्हाणार न्हाई. मी म्हटलं, मी मुहूर्त सांगितला तर तो बघणार न्हाई. आईनं सांगितलं म्हटल्यावर घालतो तो तारीख."

मला रडू आलं नाही, ओरडावंसंही वाटलं नाही. चार वर्षं चिंचेखाली बसून मी लोकांच्या गाड्यांतली खोट शोधत होतो. ह्या व्यवहारात खोट कुठं लपवायची, हे माझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त चांगलं कळलं होतं.

"तुरुंगात मी गेलो तर चालेल तुला?"

"येशील की परत. वय हाय तुझं. दादा परत आला नसता. आन त्याची जमीन गेली असती. आपल्याकडनं जायला हाय काय?"

"मी आहे," मी म्हणालो.

आईनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. तिला माझं बोलणं खरोखरच समजलं नव्हतं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"तू माझाच हायस की," ती म्हणाली. "तू कुठं जातोयास?"

मग तिनं माझं ताट वाढलं. मी जेवलो. भूक लागली होती. ह्या सगळ्यात मला स्वतःचा राग येतो तो त्या जेवणाचा.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. जीप ठाण्याच्या आवारात पावसात भिजून गंजली. चिंचेखालचं काम गुलाबभाईंनी काढून घेतलं नाही, पण गिऱ्हाईकच माझ्याकडं कागद देईना. गाडीखाली माणूस टाकून पळालेला म्हणून मला लोक बोटानं दाखवायचे. चार पैसे कमी घेतो म्हटलं तरी नको म्हणायचे. मामा आमच्याकडं येतच होते. आल्यावर ते माझ्याशी बोलायचा प्रयत्न करायचे, "वकील चांगला बघ, फी मी देतो," म्हणायचे. मी उठून बाहेर जायचो. आई आणि मी एकाच घरात राहत होतो, मीठ दे, पाणी भर, एवढंच बोलत होतो.

वकील गुलाबभाईंच्या ओळखीचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर हात आपटला.

"सुटशील तू. शंभर टक्के. तुझ्या आईचा जबाब हाच त्यांचा सगळा आधार आहे. ती पिंजऱ्यात आली की उलटतपासणीत फाडतो. नारळ कुठं फोडला, गाडी कुणी चालवत आणली, अंगणवाडीचे तक्ते कधी रंगवले. दहा मिनिटं टिकणार नाही ती. खोटी साक्ष दिली हे भर कोर्टात कबूल करायला लावतो."

"आणि मग तिचं काय होईल?"

"ते कोर्ट बघेल. तू तुझं बघ."

मी माझं बघायचं ठरवलं होतं. अगदी त्या दिवशी सकाळपर्यंत. कोर्टात गेलो तेव्हा आई मामांच्या शेजारी बाकावर बसली होती. मामांच्या पायाला पट्टी होती आणि आईनं स्वतःची पिशवी घडी करून त्यांच्या पायाखाली दिली होती. माझ्याकडं बघून ती उभी राहिली नाही.

न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

वकिलांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, मोठ्यानं नाही म्हण.

"कबूल आहे," मी म्हणालो.

वकिलांनी माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला. आईला वाचवलं असं नंतर काही लोक म्हणाले, आणि मीही त्यांना तसं म्हणू दिलं. पण ते खरं नाही. ती पिंजऱ्यात उभी राहिली असती आणि माझ्यासमोर तेच वाक्य तिनं दुसऱ्यांदा म्हटलं असतं. चवथीला. मला ते परत ऐकवलं नसतं. बाकी काही नाही.

आठ महिने आणि लायसन्स रद्द. आपल्या भावाला सुटलेलं बघून आईच्या तोंडावर जे आलं ते मी बघितलं. त्याबद्दल मी कधी कुणाशी बोललो नाही, आताही बोलत नाही.

गाडी यायला वेळ होता म्हणून हवालदारानं मला कोर्टाच्या पायऱ्यांवर बसवलं. हाताला बेडी होती. आई आणि मामा थोड्या अंतरावर लिंबाच्या सावलीत उभे होते. माझ्याजवळ यावं की येऊ नये, हे त्यांचं ठरत नव्हतं.

एक बाई समोर येऊन उभी राहिली. तिशीची असेल. जुनेर धुऊन नेसलेली, कपाळ मोकळं. ती केरबा सुताराची बायको आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. खटल्याच्या पहिल्या तारखेपासून ती येत होती आणि शेवटच्या बाकावर बसून माझ्या पाठीकडं बघत होती. भरपाईसाठी तिनं वेगळा दावा लावला होता. माझ्या नावावर एक गंजकी जीप सोडली तर काही नव्हतं. तिला काही मिळणार नव्हतं, हे तिला कुणीतरी त्याच सकाळी समजावून सांगितलं असावं.

मला वाटलं, ही आता थुंकेल. मी मान खाली घालून वाट बघितली.

"मला एकच इचारायचंय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मघाशी तुमी कबूल केलं म्हणून इचारते. तुमी गाडीतनं उतरला हुता म्हणं. जवळ जाऊन उभं ऱ्हायला हुता. त्यांनी पाणी मागितलं का?"

मी वर बघितलं.

"दुपारी डबा न खाता गेलं हुतं," ती म्हणाली. "ऊन हुतं. घरी येऊन पाणीच मागायचं आधी. मला त्येच डोक्यात बसलंय. मागितलं का?"

मला ते ठाऊक नव्हतं. ह्या जगात ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. मी मामांकडं बघितलं. मामांचे ओठ हलले. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं, मला तसं दिसलं, आजही मी शपथेवर सांगेन की त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. आईनं त्यांचा हात धरला.

"चल दादा," ती म्हणाली. "एसटी चुकंल."

ती त्यांना घेऊन फाटकाकडं चालू लागली. मामा एकदा मागं वळले. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला एवढ्या लांबून वाचता आलं नाही. फाटकाबाहेर गेल्यावर आईनं पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

सुताराची बायको अजून माझ्यापुढंच उभी होती. मी निर्दोष आहे असं सांगून बघावं, असं क्षणभर मनात आलं. ती म्हणाली असती, मग कबूल कशाला केलंस? आणि त्याचं उत्तर द्यायला परत चवथीपासून सुरुवात करावी लागली असती.

"नाही," मी म्हणालो. "मागितलं नाही. लगेच गेले ते. काही कळलंही नसेल त्यांना."

"खरं?"

"खरं."

तिनं मान हलवली. दीड वर्षात माझ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मग बरं," ती म्हणाली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उन्हातून एसटी स्टँडकडं चालत गेली. तिच्या पुढं थोड्या अंतरावर आई आणि मामा चालले होते. तिघांनाही मुरगूडचीच गाडी पकडायची होती.